दुकान-दुकान आणि विसरलेली यादी

जिऱ्याची पुडी, अर्धा किलो साखर आणि काडेपेटी. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला एवढी यादी सांगून कोपऱ्यावरच्या दुकानात धाडले तर काय होते, ते घरोघरी ठाऊक आहे. मूल नुसती काडेपेटी घेऊन परत येते, नाहीतर दुकानापाशी जाऊन गप्प उभे राहते. तेच मूल दुपारी अंगणात दुकान-दुकान खेळायला बसले, की वाळूची साखर कोणी नेली, पानांच्या नोटा कोणाकडून यायच्या राहिल्या, याचा हिशेब चोख ठेवते. घरातल्या मोठ्या माणसांनी ही गंमत फार पूर्वीच हेरलेली आहे. ‘तू आता गार्ड, ही पिशवी पुढच्या स्टेशनावर पोचव बघू,’ असे आजी म्हणते आणि कुरकुर थांबते.

पण असे का व्हावे? आणि हे खरोखरच घडते, की घडल्यासारखे आपल्याला वाटते? या दोन प्रश्नांचा इतिहास आम्ही इथे सांगणार आहोत. त्यात एक गाजलेला प्रयोग आहे, आणि तो पुन्हा करून पाहिल्यावर निघालेली वेगळीच उत्तरेही आहेत.

सुरुवात इंग्लंडपासून करू. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. अक्षरओळख खेळातून व्हावी म्हणून फाशासारख्या अनेक पैलूंच्या वस्तूवर अक्षरे चिकटवण्याची युक्ती त्यात आहे. पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी सूचना. मुलाला भोवऱ्याचे फार वेड असेल तर त्याला भोवराच फिरवायला लावा, रोज, ठरलेल्या वेळी, कर्तव्य म्हणून. थोड्याच दिवसांत त्याला भोवऱ्याचा वीट येईल, असे लॉक म्हणतो. एखाद्या गोष्टीचे ‘काम’ बनते ते तिच्यात पडणाऱ्या कष्टांमुळे नव्हे, ती लादली गेल्यामुळे, हे त्याने ओळखले होते. भोवऱ्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल ग्रूस याने प्राण्यांच्या खेळावर (१८९६) आणि मग माणसांच्या खेळावर (१८९९) ग्रंथ लिहिले. खेळ ही पुढच्या आयुष्याची रंगीत तालीम आहे, हे त्याचे म्हणणे. भातुकली पाहिली की ते पटतेही. मात्र तालीम चालू असतानाच मुलाची आजची ताकद वाढते का, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

तो प्रश्न नेमका मांडला लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने, १९३३ साली लेनिनग्राडमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा मृत्यू झाला. १९३६ साली सोव्हिएत सत्तेने बालअध्ययनाच्या एका संपूर्ण शाखेवरच बंदी आणली, तेव्हा त्याचे लेखनही बाजूला पडले. हे व्याख्यान छापले गेले ते १९६६ साली.

खेळात मूल मोकाट असते हा आपला समज व्हिगॉट्स्कीने उलटा केला. त्याने एक जुने निरीक्षण पुढे ठेवले. जेम्स सली या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींची गोष्ट नोंदवली होती. एके दिवशी त्या म्हणाल्या, आपण बहिणी-बहिणी खेळू या. म्हणजे असलेलेच नाते त्या खेळायला निघाल्या! एरवी भांडतील, एकमेकींच्या वस्तू ओढतील. खेळात मात्र बहिणीने कसे वागावे याचा नियम दोघी पाळू लागल्या. व्हिगॉट्स्की म्हणतो, कल्पित प्रसंग आला की त्याच्या पोटात नियम आलाच. गार्ड झालेल्या मुलाला गाडी सुटेपर्यंत जागा सोडता येत नाही. आईने ‘थांब’ म्हटल्यावर न थांबणारे मूल खेळातल्या नियमाला थांबते, कारण तो नियम त्याने स्वतः पत्करलेला असतो.

विचार आकर्षक आहे, पण त्याला पुरावा हवा. त्याच परंपरेत काम करणाऱ्या झिनाइदा इस्तोमिना यांनी तो शोधण्याचा प्रयत्न केला आणि १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्यांनी प्रयोगासाठी निवडलेला खेळ म्हणजे दुकान-दुकानच.

बालवाडीतल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी दोन परिस्थितींत पाहिले. एका वेळी मुलाला जवळ बोलावून साधा पाठ दिला : मी काही शब्द सांगते, नीट ऐक, मग मला म्हणून दाखव. दुसऱ्या वेळी खेळ मांडला. दुकान थाटले, विकणारा आणि पैसे घेणारा नेमला, मुलाच्या हाती टोपली आणि खोटे पैसे दिले, आणि काय काय आणायचे ते पाच वस्तूंची नावे घेऊन सावकाश सांगितले. दुकानात गेल्यावर त्यातल्या किती वस्तू मूल मागते, हे मोजायचे होते. सरासरी अशी आली : तीन ते चार वर्षांची मुले पाठात ०.६ शब्द आणि खेळात १.०; चार ते पाच वर्षांची १.५ आणि ३.०, पाच ते सहा वर्षांची २.० आणि ३.२, सहा ते सात वर्षांची २.३ आणि ३.८. चार-पाच वर्षांच्या गटात आकडा थेट दुप्पट झालेला दिसतो.

या आकड्यांपेक्षाही इस्तोमिनांनी केलेले मुलांचे वर्णन आम्हाला मोलाचे वाटते. अगदी लहान मुले यादी पुरती ऐकूनही घेत नाहीत. टोपली हाती आली की ती पळत सुटतात, कारण त्यांच्या लेखी दुकानात जाणे हाच खेळ आहे. जरा मोठी मुले शेवटपर्यंत ऐकतात, पण ऐकणे आणि लक्षात ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत याची जाणीव त्यांना नसते. मग दुकानदारासमोर कधीतरी अडायला होते आणि मुलाला शोध लागतो की आपण विसरलो आहोत. हा शोध लहानसहान नव्हे. त्याच्या पुढच्या टप्प्यावरचे मूल यादी ऐकतानाच ओठ हलवते, मनाशी घोकते, किंवा निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारून घेते. स्मरण ही आपोआप घडणारी गोष्ट न राहता मुद्दाम करायची गोष्ट कशी बनते, ते या मुलांच्या वागण्यात पायरीपायरीने पाहायला मिळते. पाठाच्या वेळी ‘लक्षात ठेव’ असे सांगितले जाते, पण कशासाठी ठेवायचे ते मुलाला समजत नाही. दुकानात ते आपसूक समजते, कारण विसरले तर टोपली रिकामी राहते.

मनुइलेन्को या संशोधिकेने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला प्रयोगही असाच आहे. नुसते ‘हलू नकोस’ म्हटल्यावर मुले जेवढी स्थिर उभी राहत, त्यापेक्षा पहारेकरी बनल्यावर कितीतरी अधिक वेळ राहत.

इस्तोमिनांचा लेख १९७५ साली इंग्रजीत आला आणि पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र पसरला. इथे गोष्ट संपती तर किती सोयीचे झाले असते! पण प्रयोग दुसऱ्याच्या हातून पुन्हा केला जाईपर्यंत आम्ही विज्ञानवाले निश्चिंत होत नाही. १९८६ साली अमेरिकेत वाइसबर्ग आणि पॅरिस यांनी तो पुन्हा केला. निकाल उलटा लागला : मुलांना खेळापेक्षा पाठातच अधिक शब्द आठवले. मनाशी घोकणेही पाठाच्याच वेळी जास्त होते, असे त्यांना दिसले. पुढच्या वर्षी श्नायडर आणि ब्रून यांनी जर्मनीत करून पाहिला, तर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मग खरे काय मानायचे? इस्तोमिनांना खोटे ठरवण्याची घाई करू नये असे आमचे मत आहे. ‘खेळ’ हा शब्द तिन्ही ठिकाणी एकच असला, तरी त्या शब्दाखाली मुलांनी अनुभवलेली गोष्ट एकच होती, असे धरून चालता येत नाही. अनोळखी बाईंनी दुकान मांडले, टोपली हातात दिली आणि ‘खेळ’ म्हणून सांगितले, तर ते मुलाच्या दृष्टीने आणखी एक फर्मान ठरू शकते. शिवाय नव्या वस्तूंनी लक्ष विचलित होते ते वेगळेच. हा पुन्हा लॉकचा भोवराच. उलट, शब्द ऐकून म्हणून दाखवण्याची सवय ज्या मुलांना घरी-शाळेत लागलेली आहे, त्यांना पाठातही हेतू दिसत असेल. थोडक्यात, मोजायला हवे होते ते हे, की काम मुलाला आपले वाटले का. ते मोजणे अवघड आहे, म्हणून राहून जाते.

या वादाला आणखी एक बाजू आहे, आणि तिचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे त्यांना दिसले की खरा पण लहान आकाराचा झाडू, खरे पाणी, खरी ताटे हाती दिली, की मुले खेळण्यांकडे फिरकतही नाहीत. लुटुपुटीपेक्षा खरे काम द्या, असा त्यांचा आग्रह राहिला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, तिथे तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढले आणि १९४५ पासून बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले. पुढे कोसबाडला त्यांना आणि अनुताई वाघ यांना भेटलेली आदिवासी मुले तर खऱ्या कामात बुडालेलीच होती. गुरे राखणे आणि धाकटे भावंड सांभाळणे ही त्यांची रोजची कामे. ती सोडून मुले शाळेत येणार कशी? म्हणून शाळाच गुरांमागे कुरणात गेली. कुरणशाळेची ही कल्पना आम्हाला आजही थक्क करते. कामाला खेळाचा मुलामा देण्याऐवजी तिथे कामाच्या जागीच शिकणे नेऊन ठेवले होते.

माँटेसरींच्या निरीक्षणाला अलीकडे पाठबळही मिळाले आहे. तीन ते सहा वर्षांच्या शंभर अमेरिकन मुलांना विचारले, खोटी भाजी चिरायला आवडेल की खरी? चारच्या पुढची मुले बहुतेक कामांत खऱ्याकडे झुकली. हा अभ्यास २०१८ सालचा. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांवर झालेला दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा मिनिटांचे एक कंटाळवाणे काम होते आणि शेजारीच टॅबलेटवरचा मोहक खेळ. काही मुलांना मधून मधून स्वतःला विचारायला सांगितले, ‘मी नीट काम करतोय ना?’ काहींना स्वतःचे नाव घेऊन तोच प्रश्न विचारायचा होता. उरलेली बॅटमॅन किंवा डोरा बनली आणि ‘बॅटमॅन नीट काम करतोय ना?’ असे विचारत राहिली. सर्वांत अधिक वेळ कामाला चिकटून राहिली ती हीच मुले. म्हणजे मुलाला हवे असते खरे काम, आणि ते रटाळ झाले की तग धरायला त्याला सोंग उपयोगी पडते. ही दोन उत्तरे एकमेकांना छेद देतात असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या बालवाडीत इस्तोमिनांचा प्रयोग करून पाहणे अवघड नाही. मुलांच्या ओळखीच्या पाच-पाच वस्तूंच्या दोन याद्या करा. निम्म्या मुलांना आधी पाठ आणि दोन दिवसांनी दुकान, उरलेल्यांना उलट क्रमाने द्या, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला पडणार नाही. याद्याही आलटून पालटून वापरा. तिसऱ्या वेळी खरेच काही आणायला पाठवा : शेजारच्या वर्गातून खडू, फडके, घंटा. आठवलेल्या शब्दांच्या आकड्याशेजारी एक मोकळा रकाना ठेवा आणि त्यात मूल काय करते ते लिहा. यादी संपण्याआधी पळाले का? ओठ हलले का? अर्ध्या वाटेवरून परतून ‘बाई, अजून काय सांगितलंत?’ असे एखाद्याने विचारले, तर ती नोंद तारखेसह करा, आणि महिन्याभराने त्याच मुलाची तीच नोंद पुन्हा पाहा.