उद्यानदान आणि त्याची तरतूद

सार्वजनिक उद्यानांच्या इतिहासात दात्यांच्या औदार्याची आणि उद्घाटनसमारंभांची वर्णने विपुल आढळतात. परंतु माळ्यांचा पगार, कुंपणाची डागडुजी आणि खतपाणी यांचा जमाखर्च ज्या दप्तरांत पडून असतो, ती चाळल्यावाचून उद्यान कोणाच्या बळावर जगले आणि कोणासाठी खुले राहिले, याचा उलगडा होत नाही.

इंग्लंडमधील डर्बी नगरात १६ सप्टेंबर १८४० रोजी खुली झालेली 'आर्बोरेटम' ही वृक्षवाटिका या दृष्टीने उद्बोधक आहे. वस्त्रोद्योगात संपन्न झालेल्या घराण्यातील जोसेफ स्ट्रट यांनी सुमारे ११ एकर भूमी नगराच्या स्वाधीन केली. जॉन क्लॉडिअस लाउडन या विख्यात उद्यानरचनाकाराकडून तिची आखणी करविली. आणि श्रमजीवी जनतेला विरंगुळ्याबरोबर वनस्पतींचे ज्ञानही लाभावे म्हणून झाडाझुडपांना नामफलक लावविले. एवढे सारे करूनही नित्य खर्चासाठी पुरेसा कायम निधी मागे ठेवला गेला नाही. परिणामी रविवार व बुधवार वगळता इतर दिवशी प्रवेशमूल्य घेणे व्यवस्थापकांना भाग पडले, आणि ते १८८२ पर्यंत चालू राहिले. स्ट्रट १८४४ साली निवर्तले. म्हणजे दात्यामागे जवळजवळ चार दशके त्याच्या दानाचा पूर्ण उपभोग खिशात पैसे असणाऱ्यालाच मिळत होता.

आपल्याकडील इनामपत्रे लिहिणारे कारकून या बाबतीत अधिक सावध होते, असे म्हणावेसे वाटते. देवापुढे नंदादीप लावावयाचा तर समईबरोबर तेलाच्या खर्चासाठी जमीन नेमून द्यावयाची, आणि तिचे उत्पन्न त्याच कार्यास लागावे असे सनदेत नमूद करावयाचे, हा परिपाठ होता. कारण एकदाच होणारा खर्च आणि वर्षानुवर्षे होणारा खर्च यांतील भेद त्यांना पुरता उमगलेला होता.

हाच भेद अमेरिकेतील सेंट लुइस येथे हेन्री शॉ या व्यापाऱ्याने ओळखला. शेफिल्डहून आलेला आणि लोखंडी सामानाच्या व्यापारात धनवान झालेला हा गृहस्थ चाळिशीतच धंद्यातून निवृत्त झाला. १८५९ साली त्याने आपले वनस्पती-उद्यान लोकांस खुले केले, आणि पुढे शेजारची भूमी 'टॉवर ग्रोव्ह पार्क'साठी नगरास देताना, नगराने तिच्या निगराणीसाठी दर वर्षी ठराविक रक्कम द्यावी, अशी अट घातली. त्या पार्कभोवतालची जमिनीची पट्टी मात्र त्याने राखून ठेवली. तिचे भाडे वनस्पती-उद्यानास मिळावे, हा त्यातील हेतू होता. १८८९ मध्ये त्याच्या निधनानंतर त्याच्या मिळकतीचा मोठा भाग विश्वस्तांच्या ताब्यात गेला. उद्यानामुळे भोवतालच्या जमिनीचे मोल चढते, मग त्या चढत्या मोलाचा काही अंश उद्यानाकडेच का वळवू नये, हा विचार या योजनेच्या मुळाशी दिसतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या नगरात हाच मार्ग अधिक व्यापक प्रमाणावर अवलंबिला गेला. नगर उभारणारे महामंडळ १९९२ मध्ये विसर्जित होत असता हजारो एकर उद्यानभूमी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने एका स्वतंत्र न्यासाकडे सोपविण्यात आली, आणि तिच्याबरोबर सुमारे २ कोटी पौंड किमतीची व्यापारी मिळकतही देण्यात आली, जिच्या भाड्यावर उद्यानांचा खर्च चालावा.

अशा मिळकतीवर मंदीचे सावट पडत नाही असे नव्हे. दुकाने ओस पडली की न्यासाची वसुलीही आटते. परंतु नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात शाळा, रस्ते आणि दवाखाने यांच्या मागे उभे राहून दर साल याचना करण्याच्या लाचारीतून उद्यानाची सुटका होते. आणि गरिबाला दाराशी पैसे न मोजता आत जाता यावे, ही दात्याची इच्छा त्याच्या पश्चातही बंधनकारक राहते.