सिंप्युटरची कुळकथा

संगणक ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हातात धरून वापरायचे सोपे यंत्र करावे ही कल्पना आधी लहान मुलांसाठी सुचली. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या अ‍ॅलन के यांनी १९७२ साली वहीएवढ्या ‘डायनाबुक’चा आराखडा मांडला. तो कागदावरच राहिला.

अक्षरओळख नसलेल्या मोठ्या माणसांचा विचार मुळापासून झाला तो बंगळुरूत. १९९८ साली तिथल्या एका परिसंवादात स्वस्त संगणकाचा विषय निघाला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे स्वामी मनोहर, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन, तसेच एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांनी तो उचलून धरला आणि सिंप्युटर ट्रस्ट स्थापन झाला. २५ एप्रिल २००१ रोजी सिंप्युटर या यंत्राचा नमुना लोकांसमोर आला: तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा, कळफलक नसलेला. पडद्यावर छोट्या लेखणीने टिचकी मारली की काम होई. वाचता येत नसेल, तर ‘ध्वनी’ ही प्रणाली मजकूर बोलून दाखवी.

खरी प्रतिभा दिसते ती स्मार्ट कार्डाच्या योजनेत. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची होती, पण तेवढे पैसेही शेतमजुराच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून यंत्र सगळ्यांत मिळून एक आणि कार्ड ज्याचे त्याचे, अशी मांडणी झाली. पंचायतीच्या किंवा शाळेच्या यंत्रात आपले कार्ड सरकवायचे, आपल्या नोंदी पाहायच्या आणि कार्ड काढून घेऊन घरी जायचे. गरिबाची ऐपत ओळखून इतक्या आदराने केलेली रचना संगणकाच्या इतिहासात क्वचितच आढळते.

२००४ च्या एप्रिलमध्ये पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपन्यांनी ‘अमिडा सिंप्युटर’ बाजारात आणला. मनगटाला हलका झटका दिला की त्यावरचे पान उलटत असे. एवढे असूनही मोठी मागणी आली नाही. विक्री काही हजारांवरच थांबली. तोवर मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत होता, आणि सरकारी खरेदीचे अपेक्षित पाठबळही मिळाले नाही.

२०१० साली आलेल्या आयपॅडने लेखणी काढून टाकली आणि सगळे काम बोटावर सोपवले. त्यानंतर अमेरिकेत वृद्धांसाठी ‘ग्रँडपॅड’सारखी उपकरणे निघाली. त्यात पासवर्डची कटकट नाही, बटणे मोठी आहेत आणि कोणाशी संपर्क होऊ द्यायचा हे घरची माणसे ठरवतात. सिंप्युटर गावाने वाटून घ्यायचा होता, ग्रँडपॅड मात्र एका घरापुरता असतो. गावाचा विचार करणारे यंत्र मागे पडले, हे नुकसानच आहे.

‘ध्वनी’ मात्र मुक्त स्रोत असल्यामुळे टिकली. पुढे स्वयंसेवकांनी तिच्यात आणखी भारतीय भाषांची भर घातली. मराठी त्यांतलीच एक.