तुकड्याची साक्ष



आकुर्डीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे एका शब्दाला फार भितात. तो शब्द म्हणजे ‘तुकडा’. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला की घरात बोलणे खुंटते. ‘सुई लागली की रोग पसरतो’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की, या सुईचा इतिहासच आज सांगावा म्हणतो.

पौरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, मूत्राशयाच्या तोंडाशी खोल दडलेली असते. उतारवयात ती बहुधा वाढतेच. ती वाढ साधी की कर्करोगाची, हे लघवीच्या तक्रारीवरून ओळखता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ह्यू हॅम्पटन यंग वृषण व गुदद्वार यांमधल्या शिवणीवर चिरा देऊन ग्रंथी उघडी करीत. १९२२ साली न्यूयॉर्कच्या बॅरिंजर यांनी चिरा टाळला. गुदद्वारातल्या बोटाने गाठ चाचपावयाची आणि शिवणीतून सुई घालावयाची! १९३७ मध्ये अस्त्राल्दी यांनी सुई गुदद्वारातूनच घातली. वाट जवळची खरी, पण जंतूंनी भरलेली.

तुकडा काढला तरी तो वाचणारा हवा. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळेची धुरा आपल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वाहिली. तुकड्यातील पेशींच्या रचनेवरून या रोगाची प्रत ठरविण्याची रीत १९६६ साली अमेरिकेत ग्लीसन यांनी मांडली.

१९८९ मध्ये हॉज यांनी ध्वनिलहरींच्या चित्रावर पाहत ठरलेल्या सहा जागांचे तुकडे घेतले. पुढे ते दहा-बारा झाले. आता आधी एम.आर.आय. काढून संशयित जागेवर नेम धरतात, आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पुष्कळ डॉक्टर पुन्हा शिवणीकडे वळले आहेत. म्हणजे बॅरिंजरचीच वाट!

पुराव्यावाचून कामगाराला काढले तर आम्ही गेटवर उभे राहतो. आजाराच्या चौकशीत मात्र पुरावाच नको म्हणतो. या सुईने रोग पसरणे अत्यंत विरळा. रक्त जाणे, लघवी तुंबणे, ताप येणे हे खरे धोके. ते डॉक्टरांना अवश्य विचारावेत. शिवाय कित्येकांचा रोग इतका संथ असतो की शस्त्रक्रिया न करता नुसती नजर ठेवली तरी चालते. तो संथ आहे, हे प्रामुख्याने तुकड्यावरूनच कळते.