कोंड्यातला कुलूपबंद फॉस्फरस

डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात मिसळायची 'फायटेज' नावाची पावडर मिळते. विलायती काहीतरी दिसते ना? पण या एन्झाइमची गोष्ट सुरू होते आपल्या ओळखीच्या भाताच्या कोंड्यापासून.

1907 साली जपानमध्ये उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना हा एन्झाइम कोंड्यात सापडला. हेच ते सुझुकी, ज्यांनी पुढे कोंड्यातूनच आजचं ब-1 जीवनसत्त्व शोधलं.

आता कुलूप कसलं, ते सांगतो. धान्यात आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण त्यातला निम्म्याहून जास्त 'फायटेट'मध्ये अडकलेला. गाईच्या पोटातले जंतू ते फोडतात. डुकराला ते नीट जमत नाही, आणि नुकतं दूध तुटलेल्या पिल्लाचं पोट तर अजून दुधालाच सरावलेलं असतं. फॉस्फरस शेणात जातो, हाडं कमजोर राहतात. बरं, कोंड्यात स्वतःचा फायटेज असला तरी भाताच्या कोंड्यात तो अगदी थोडा. गव्हाच्या कोंड्यात बराच जास्त.

अमेरिकेत नेल्सन आणि मंडळींनी 1971 मध्ये बुरशीपासून काढलेला फायटेज कोंबडीच्या पिल्लांना देऊन दाखवला. कुलूप उघडलं, फॉस्फरस अंगी लागला. तरी वीस वर्षं बाजारात काही हललं नाही, कारण डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, स्वस्त होतं. एन्झाइमला कोण विचारतो?

विचारलं ते नेदरलँडने. जमीन तेवढीशी, डुकरं लाखोंनी, शेणातला फॉस्फेट पाण्यात उतरू लागला. 1980 च्या दशकात तिथे शेणखतावर कायद्याने मर्यादा आली आणि 1991 मध्ये फायटेज विकायला आला. म्हणजे बघा, ही पावडर बाजारात आली ती पिल्लांच्या पायांपेक्षा तिथल्या पाण्यापायी.

म्हणून अंजनवेलीत पुडी घेताना मी तिथला हिशेब इथे लावत नाही. आपल्या जांभ्याच्या आंबट जमिनीत फॉस्फरस लोह-अॅल्युमिनियमशी बांधला जातो, पिकाला कमीच मिळतो. डुकराचं शेण कुजवून शेतात गेलं तर आपल्याला हवंच आहे. पण पावसाळ्यात वाहून वाशिष्ठीच्या खाडीत गेलं तर ते नको. तेव्हा शेणाचा खड्डा आधी, पुडी नंतर. पुडी घ्यायचीच तर डीसीपी किती वाचतं ते पेंडवाल्याकडून आकड्यात विचारा. पुडी टाकली म्हणून डीसीपी एकदम बंद करू नका, पिल्लांचे पाय जातील. आणि हलरचा कोंडा घेत असाल तर मुठीत चोळून बघा. त्यात तूस दळलेलं असलं तर लहान पिल्लाला ते पचत नाही, फायटेज घातला तरी नाही.

एक राहिलं. हॉटेलचं उरलेलं खाणं उकळून देता ना? पुडी त्या गरम पातेल्यात टाकू नका. उकळत्यात एन्झाइम मरतो. गार झाल्यावर, वाढायच्या वेळी मिसळा.