नेटवर्क प्रशासकांचे कौशल्य अद्ययावतीकरण

संस्थेच्या सर्व्हर संगणकांवरील संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेताना ते सर्व्हर आणि त्यांच्यावर चालणारे नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रशासकाला जे नवे ज्ञान व सराव मिळवावा लागतो, त्यास नेटवर्क प्रशासकांचे कौशल्य अद्ययावतीकरण असे म्हणतात. नवे शिकण्याबरोबरच जुन्या आवृत्तीतील कोणत्या सवयी सोडायच्या आणि जुने यंत्र नव्या व्यवस्थेत कसे सामावून घ्यायचे, हे दोन्ही भाग त्यात येतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर मालिकेचा विचार केला असून उदाहरणांसाठी पुणे जिल्ह्यातील तळवडे, पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा घेतला आहे.

तळवडे व परिसर

तळवडे हे इंद्रायणी नदीकाठचे, देहू-आळंदी रस्त्यावरील गाव आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभारला. कॅपजेमिनी (२०१५ मध्ये विकत घेतलेल्या आयगेटच्या रूपाने) आणि सिंटेल (२०१८ पासून ॲटॉस समूहात) यांसारख्या माहिती तंत्रज्ञान सेवा कंपन्यांची मोठी आवारे या भागात आहेत. या उद्यानाच्या कुंपणाबाहेर लघुउद्योगांची गर्दी आहे. उत्तरेस चाकणमध्ये बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे वाहन कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य पुरवठादार आहेत.

त्यामुळे एकाच व्यवसायाची दोन टोके येथे काही किलोमीटरच्या अंतरात दिसतात. सेवा कंपनीतील प्रशासक परदेशी ग्राहकाचे शेकडो सर्व्हर दुरून हाताळतो. त्याच्याकडे प्रशिक्षणासाठी राखीव तास, सरावासाठी आभासी यंत्रे आणि परीक्षेचे शुल्क भरणारी कंपनी असते. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मात्र बहुधा एकच माणूस सर्व्हर, छपाईयंत्रे, हजेरीचे यंत्र आणि सीसीटीव्ही असे सगळे पाहतो. आवृत्ती बदलण्याचा खरा धोका याच दुसऱ्या ठिकाणी असतो, कारण तेथील सर्व्हर बंद पडल्यास माल दारातून बाहेर पडत नाही. वस्तू व सेवा कराखालील ई-चलन पद्धती १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना लागू झाली. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येऊन १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवर आली. म्हणजे मध्यम आकाराच्या पुरवठादारालाही पोर्टलकडून नोंदणी क्रमांक मिळवल्याशिवाय व्यापारी ग्राहकाच्या नावे वैध बिल काढता येत नाही. वाहन कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा ठेवत नसल्याने पुरवठादाराकडील काही तासांचा खोळंबा थेट जुळणी-साखळीपर्यंत पोहोचू शकतो.

आवृत्त्या आणि बदललेली कौशल्ये

विंडोज एनटी ४.० (१९९६) मध्ये प्रत्येक डोमेनसाठी एक प्राथमिक डोमेन कंट्रोलर असे. वापरकर्त्यांच्या नोंदींत बदल फक्त त्याच्यावर करता येत आणि इतर कंट्रोलरांकडे केवळ वाचनापुरती प्रत असे. विंडोज २००० ने ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणून ही रचना मोडली. आता कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर बदल करता येऊ लागला आणि तो इतरांकडे आपोआप पोहोचू लागला. संगणकांची नावे शोधण्यासाठी विन्सऐवजी डीएनएसवर भिस्त आली. एनटीवर वाढलेल्या प्रशासकांना सर्वांत जड गेलेला बदल बहुधा हाच. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील बिघाडाची तक्रार आली की आधी डीएनएस तपासावे, हा धडा तेव्हापासून आजवर टिकून आहे.

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये बदल तुलनेने सौम्य होते. २००८ च्या आवृत्तीने मात्र कामाची पद्धतच बदलली. खिडक्या व चित्रे नसलेली सर्व्हर कोर मांडणी, एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारे हायपर-व्ही, दूरच्या शाखेसाठी केवळ वाचता येणारा डोमेन कंट्रोलर आणि पॉवरशेल ही आज्ञावलीची भाषा या आवृत्तीत आली. २००८ आर२ (२००९) फक्त ६४-बिट यंत्रांवर चालत असल्याने अनेकांना यंत्रसामग्रीही बदलावी लागली. २०१२ नंतर पॉवरशेल हा ऐच्छिक विषय उरला नाही. माउसने टिचक्या मारत काम करण्याची सवय असलेल्या प्रशासकाला पन्नास वापरकर्त्यांची खाती उघडायला अर्धा दिवस लागतो, तेच काम चार ओळींच्या आज्ञावलीने मिनिटभरात होते. तरीही अनुभवी माणसे जुनीच वाट धरतात, कारण आज्ञावलीतील चूकही तितक्याच वेगाने पन्नास ठिकाणी पोहोचते.

२०१६ च्या आवृत्तीत कंटेनर आले आणि परवान्याची किंमत प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येवर ठरू लागली. प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ गाभ्यांचा परवाना घ्यावा लागतो. यंत्र निवडण्यापूर्वी हा हिशेब मांडणे हेही तेव्हापासून प्रशासकाचे काम झाले.

प्रमाणपत्रे

या बदलांबरोबर मायक्रोसॉफ्टने अनुभवी प्रशासकांसाठी वेगळ्या ‘अद्ययावत’ परीक्षा ठेवल्या. जुने प्रमाणपत्र असलेल्याला सगळ्या परीक्षा पुन्हा न देता फक्त फरकाची परीक्षा द्यावी लागे. एनटीवरून २००० वर येणाऱ्यांसाठी ७०-२४० ही परीक्षा होती. २००० वरून २००३ साठी ७०-२९२ व ७०-२९६, २००३ वरून २००८ साठी ७०-६४८ व ७०-६४९, पुढे २०१२ साठी ७०-४१७ आणि २०१६ साठी ७०-७४३ अशा परीक्षा आल्या. एनटी ४.० वरील एमसीएसई प्रमाणपत्र २००१ च्या अखेरीस बाद ठरणार असे आधी जाहीर झाले होते. प्रशासकांच्या तीव्र नाराजीनंतर कंपनीने हा निर्णय मागे घेतला.

२०१९ च्या आवृत्तीसाठी अशी स्वतंत्र परीक्षा निघालीच नाही. एमसीएसए व एमसीएसई ही दोन्ही प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाली आणि नंतर एझेड-८०० व एझेड-८०१ या दोन परीक्षांची नवी जोडी आली. त्यांत कंपनीच्या आवारातील सर्व्हर आणि अझ्युर ही क्लाउड सेवा एकत्र धरलेली आहेत. क्लाउडचा वापर नसलेल्या छोट्या कारखान्यातील प्रशासकाला यातील बराच भाग रोजच्या कामाबाहेरचा वाटतो, आणि ही तक्रार रास्त आहे.

पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा, माहिती तंत्रज्ञान पायाभूत सुविधा, प्रणाली व सुरक्षा या विषयातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा व्यवसाय-अभ्यासक्रम चालतो. नोकरीत असलेल्यांना बहुधा स्वतःच शिकावे लागते. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत विनामूल्य मिळते आणि दोन-तीन आभासी यंत्रांवर कारखान्याच्या डोमेनची छोटी प्रतिकृती उभारता येते. अशा प्रतिकृतीवर स्थलांतराची रंगीत तालीम करणे हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी असते.

डोमेनचे स्थलांतर

सर्वांत अधिक कौशल्य लागते ते डोमेन कंट्रोलर बदलताना. चालू कंट्रोलरवरच नवी आवृत्ती चढवणे शक्य असले तरी ते टाळावे असा सर्वसाधारण सल्ला आहे. त्याऐवजी नव्या आवृत्तीचा वेगळा सर्व्हर डोमेनमध्ये जोडून त्यालाही कंट्रोलर केले जाते. त्याआधी सध्याच्या कंट्रोलरांमधील देवाणघेवाण नीट चालू आहे का, हे ‘डीसीडायग’ व ‘रेपॲडमिन’ या साधनांनी तपासून प्रणालीच्या स्थितीची राखीव प्रत घेतात. जुने दुखणे न शोधता नवा कंट्रोलर जोडल्यास ते दुखणे नव्या यंत्रावरही येते.

येथे अनेकांना अडवणारी एक पायरी आहे. समूह-धोरणे ज्या सिसव्हॉल फोल्डरात राहतात, त्याच्या प्रती जुन्या काळी एफआरएस या सेवेने पाठवल्या जात. २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत ही सेवा नाही. म्हणून २००३ च्या काळात उभारलेल्या डोमेनमध्ये २०१९ किंवा नंतरचा कंट्रोलर जोडण्यापूर्वी ‘डीएफएसआरमिग’ या साधनाने सिसव्हॉल नव्या डीएफएसआर पद्धतीवर न्यावे लागते. हे स्थलांतर टप्प्याटप्प्याने होते. शेवटच्या टप्प्याआधी मागे फिरता येते, नंतर नाही. विंडोज सर्व्हर २०२५ चा कंट्रोलर जोडायचा असेल तर डोमेन व फॉरेस्टची कार्यपातळी किमान २०१६ ची असावी लागते, म्हणजे त्याहून जुने सर्व कंट्रोलर आधी निवृत्त करावे लागतात.

नवा कंट्रोलर स्थिर झाला की पाच विशेष भूमिका त्याच्याकडे सोपवतात, डीएचसीपीमधील डीएनएसचे पत्ते बदलतात आणि जुन्या कंट्रोलरला रीतसर पदावरून उतरवतात. जुना सर्व्हर केवळ बंद करून कोपऱ्यात ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. पुसलेल्या नोंदींच्या खुणा साधारणपणे १८० दिवस ठेवल्या जातात. त्याहून अधिक काळ बंद असलेला कंट्रोलर कोणी पुन्हा सुरू केल्यास पुसून टाकलेल्या नोंदी, उदाहरणार्थ नोकरी सोडून गेलेल्यांची खाती, परत जिवंत होण्याचा धोका असतो.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे लागते. कर्बेरॉस पद्धतीत संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडल्यास प्रवेश नाकारला जातो आणि साऱ्या डोमेनची वेळ प्राथमिक कंट्रोलराची भूमिका पार पाडणाऱ्या सर्व्हरवरून ठरते. भूमिका हलवताना वेळेचा स्रोतही हलवावा लागतो. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे, नोंदवह्या १८० दिवस जपणे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत तिची माहिती देणे बंधनकारक झाले.

अशी कामे कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीत, या पट्ट्यात बहुधा गुरुवारी, किंवा दिवाळीच्या सुट्टीत उरकली जातात. मागे फिरण्याची वेळ आधी ठरवलेली असणे महत्त्वाचे असते. पहिल्या पाळीच्या किती तास आधी प्रयत्न सोडून जुनी व्यवस्था परत चालू करायची, हे कागदावर लिहिलेले नसेल तर थकलेला माणूस पहाटेपर्यंत ‘अजून एकदा’ करत राहतो.

जुनी यंत्रे आणि सुरक्षा

कारखान्यांत सर्व्हर बदलला तरी यंत्रे बदलत नाहीत. सीएनसी यंत्रांच्या कित्येक नियंत्रकांवर विंडोज एक्सपी किंवा त्याहून जुनी प्रणाली असते आणि ती सामायिक फोल्डरमधून कार्यक्रम घेण्यासाठी एसएमबी पद्धतीची पहिली आवृत्ती वापरते. २०१९ च्या सर्व्हरपासून ही आवृत्ती मुळात बसवलेली नसते. ती हाताने चालू करून यंत्र सुरू करणे हा सोपा, पण महाग पडू शकणारा उपाय आहे. याच आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय जगभर पसरला. त्रुटीवरील दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. चेन्नईजवळील रेनो-निसानच्या कारखान्यालाही त्याची झळ बसली. जुनी यंत्रे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून त्यांच्यासाठी मध्ये एक स्वतंत्र फाइल सर्व्हर बसवणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. त्यासाठी स्विचवरील व्हीलॅन आणि फायरवॉलचे नियम यांचे ज्ञान लागते, आणि ते सर्व्हरच्या कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे नसते.

दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, नोटपेट्याच्या हल्ल्यात मर्स्क समूहाची यंत्रणा कोसळली आणि रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. दुरुस्ती बसवलेले संगणकही या हल्ल्यात बळी पडले, कारण हे सॉफ्टवेअर स्मृतीतून प्रशासकांचे परवलीचे शब्द उचलून पुढे सरकत होते. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. डोमेन कंट्रोलरांपैकी घानामधील एकच, वीज गेल्याने त्या वेळी बंद असलेला, वाचल्याचे नंतर प्रसिद्ध झाले आणि त्यावरूनच डिरेक्टरी परत उभी राहिली. तेव्हापासून डोमेन प्रशासकाच्या खात्याने साध्या संगणकावर कधीही प्रवेश न करणे, प्रत्येक संगणकाच्या स्थानिक प्रशासकाचा परवलीचा शब्द ‘लॅप्स’द्वारे वेगळा ठेवणे आणि नेटवर्कपासून तुटलेली राखीव प्रत बाळगणे या बाबी प्रशिक्षणाच्या परिशिष्टातून पहिल्या प्रकरणात आल्या.

लिनक्स

लिनक्स सर्व्हरच्या बाबतीतही हेच चक्र आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ (२०१४) ने सेवा चालू-बंद करण्याची जुनी पद्धत बदलून सिस्टिमडी आणली, तर ८ व्या आवृत्तीपासून आरएचसीई परीक्षेचा भर अँसिबल या स्वयंचलन साधनावर आला. विनामूल्य असल्याने छोट्या उद्योगांत रुळलेल्या सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यामुळे अनेकांना अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सकडे वळावे लागले.

आधार संपण्याच्या तारखा

आधार संपल्यानंतर नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून स्थलांतराचे वेळापत्रक याच तारखांवरून मागे मोजत आखले जाते. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी, २००८ व २००८ आर२ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ व २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. २०१६ साठी १२ जानेवारी २०२७, २०१९ साठी ९ जानेवारी २०२९ आणि २०२२ साठी १४ ऑक्टोबर २०३१ या तारखा जाहीर आहेत. २०१६ वर चालणाऱ्या कारखान्यांसाठी २०२६ ची दिवाळी ही त्यापूर्वीची शेवटची मोठी सुट्टी आहे.