लीळाचरित्राची संहिता व चिन्हांकन-भाषेची निवड

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली छापून निघाले. तोच ग्रंथ आज छापील पृष्ठ, पडदा व शोधसूची अशा तिन्ही रूपांत सिद्ध करावयाचा, तर कोणती चिन्हांकन-भाषा पत्करावी? त्याच वर्षी अवतरलेल्या क्नूथ यांच्या टेकने पृष्ठ देखणे होते खरे. परंतु तिच्या आज्ञा बहुधा रूपच सांगतात. तिरपे पद पाठभेद की शीर्षक, हे त्यांवरून उमगत नाही. १९८६ च्या एसजीएमएलपासून १९९८ च्या एक्सएमएलपर्यंतची परंपरा घटकाचे स्वरूप नोंदते. टीईआयच्या नियमांत तर पाठभेदास स्वतंत्र खूणच आहे. म्हणून मूळ संहिता तीत राखून टेकचे पृष्ठ तिच्यातून काढणे इष्ट. उलट क्रम धरल्यास सकळ लिपीतील पोथ्यांचे पाठभेद पुनश्च हाताने वेचावे लागतील.