शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा

मराठीच्या अध्यापकाला काही शब्दांचे शुद्धलेखन जन्मभर तपासावे लागते. 'शुश्रूषा' हा त्यांपैकी एक. उत्तरपत्रिकांत तो 'सुश्रुषा', 'शुश्रुषा', 'सुश्रूशा' अशा नाना वेषांत भेटतो आणि आम्ही लाल शाईने तो दुरुस्त करून पुढल्या पानाकडे वळतो. मध्यंतरी परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींपुढे व्यावहारिक मराठीची काही व्याख्याने देण्याचा योग आम्हांला आला. तेथे एका मुलीने विचारले, "सर, हा शब्द असाच का लिहायचा?" ऱ्हस्व-दीर्घाचा नियम सांगून तिचे समाधान झाले नसते. म्हणून व्युत्पत्ती सांगितली, आणि सांगता सांगता आमच्या लक्षात आले की इतकी वर्षे हा शब्द आपण फक्त दुरुस्त करत आलो. वाचला कधीच नाही.

संस्कृतात धातूपासून इच्छार्थक रूप होते. 'पा' म्हणजे पिणे, त्यापासून 'पिपासा'. 'ज्ञा' म्हणजे जाणणे, त्यापासून 'जिज्ञासा'. तसेच 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्यापासून 'शुश्रूषा'. म्हणजे ऐकण्याची इच्छा. वैद्याच्या कामाला आपण 'चिकित्सा' म्हणतो. तो शब्दही घडणीने याच कुळातला. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याच्या कामाला मात्र भाषेने ऐकण्यावरून नाव दिले. ही कल्पना कोणालाही भुरळ घालील अशी आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ऐकण्याची इच्छा, पण कोणाचे? या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे काळाने दिली, तोच आमच्या मते परिचर्येच्या नीतीचा इतिहास होय.

प्रथम चरकसंहिता. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण आहेत. परिचारकाला उपचारांचे ज्ञान हवे, दक्षता हवी, शुचिता हवी, आणि 'भर्त्या'विषयी अनुराग हवा. रोग्यासाठी योजलेला हा 'भर्ता' शब्द बोलका आहे. भरणपोषण करणारा तो भर्ता. म्हणजे येथे रोगी हा धनी आहे आणि परिचारक त्याच्या पदरचा माणूस. रोग्याच्या गुणांत 'ज्ञापकत्व' येते: आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. संवादाची जबाबदारी अशी रोग्यावर पडली. ज्याला सांगता येत नाही त्याचे काय, याचे उत्तर त्या यादीत नाही.

त्याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात मात्र रुग्णालयसदृश घराचे एक विलक्षण वर्णन आहे. स्वयंपाक करणारे, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, रोग्याला उठवून बसवणारे असे सेवक तेथे असावेत, असे चरक सांगतो. आणि त्यांच्याबरोबर गायन-वादन, गाथा, आख्यायिका, इतिहास-पुराणे यांत कुशल असलेली, दुसऱ्याचा अभिप्राय ओळखणारी माणसेही असावीत, असे म्हणतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या यादीकडे जरूर पाहावे. कथा सांगणारा माणूस येथे औषधांच्या आणि उपकरणांच्या शेजारी उभा आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात याहून वेगळे दृश्य दिसते. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला आहे. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. बुद्ध आनंदाकडून पाणी आणवतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून मंचकावर निजवतात. मग भिक्षूंना सांगतात की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. येथे रोगी कोणाचा धनी नाही. उलट तो सर्वांना निरुपयोगी ठरलेला आहे. चांगल्या परिचारकाचे जे पाच गुण तेथे येतात त्यांत औषध देता येणे आणि पथ्यापथ्य जाणणे आहे, तसेच मलमूत्राची व वांतीची किळस न येणे आहे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे आहे, आणि वेळोवेळी धर्मकथेने रोग्याला धीर देणे आहे. बोलणे हा येथे परिचर्येचा अंगभूत भाग झाला.

परंतु याच 'शुश्रूषा' शब्दाला दुसरी, काळी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात शूद्राचे एकच कर्म सांगितले आहे: वरच्या तीन वर्णांची, असूया न बाळगता, शुश्रूषा. येथे ऐकणे म्हणजे आज्ञा ऐकणे. ऐकणाऱ्याने उत्तर द्यावयाचे नाही. एकाच शब्दात कान देणे आणि मान तुकवणे असे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत आले. सुइणीचे काम, मळ काढण्याचे काम, प्रेताला हात लावण्याचे काम ज्या समाजाने जातीनिशी वाटून दिले, त्या समाजात पुढे रुग्णालयातील परिचारिकेकडे कोणत्या नजरेने पाहिले जाणार होते, याचे बीज या दुसऱ्या अर्थात आहे.

युरोपातही हे द्वंद्व चुकले नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल 1854 च्या नोव्हेंबरात 38 परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपल्या पाठ्यपुस्तकांनी इतकी उजळ केली की त्यांचे लेखन अंधारातच राहिले. परिचर्येवरील त्यांचे 1859 चे छोटे पुस्तक म्हणजे खरे पाहता संवादशास्त्राचा ग्रंथ आहे. रोग्याच्या खोलीबाहेर कुजबुजू नये, कारण तो कान टवकारून आपल्याविषयीच बोलले जात आहे असे समजतो. त्याच्या पाठीमागून किंवा चालता चालता त्याच्याशी बोलू नये. त्याला मान न वळवता आपला चेहरा दिसेल असे समोर बसावे. 'बरे वाटेल हो लवकर' अशी पोकळ आशा दाखवू नये. प्रश्न कसा विचारावा, हेही त्या शिकवतात. 'रात्र बरी गेली ना?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. किती तास झोप लागली, कोणत्या वेळी जाग आली, असे विचारले तरच काही कळते. चरकाने रोग्यावर टाकलेले ज्ञापकत्वाचे ओझे येथे परिचारिकेच्या खांद्यावर आले. रोग्याला सांगता येत नसेल तर तुला पाहता आणि विचारता आले पाहिजे, असा हा पक्षपालट आहे.

तरीही 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाने सुरू झालेल्या शाळेपासून जी परंपरा वाढली, तीत शिस्त आणि आज्ञापालन यांनाच मोठे स्थान मिळाले. 1893 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झालेली प्रतिज्ञा आजही नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते, मात्र ती त्यांनी लिहिलेली नाही. तिच्यात रोग्याची गुपिते जपण्याचे वचन आहे आणि डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचेही आहे. कान रोग्याकडे, निष्ठा डॉक्टरांकडे, अशी ही विभागणी होती.

आता महाराष्ट्राकडे येऊ. 1896 मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. सरकारी बंदोबस्तात घरे तपासण्यासाठी गोरे सोजीर आत शिरले, माणसे उचलून इस्पितळात नेली गेली, सामान जाळले गेले. त्यामागचे आरोग्यशास्त्र काहीही असो, ज्यांच्यासाठी ते चालले होते त्यांच्याशी कोणी बोलले नाही. 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली, तिच्या मुळाशी या न बोलण्याचाही वाटा होता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याबाहेर हडपसर परिसरात, डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाही संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. शूद्रावर लादलेली शुश्रूषा आणि सावित्रीबाईंनी निवडलेली शुश्रूषा हे एकाच शब्दाचे दोन अर्थ किती दूर जाऊ शकतात, ते येथे दिसते.

1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथून विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. पांढरपेशा घरातील स्त्रीने परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, विटाळ मानलेल्या गोष्टी हाताळायच्या, हे त्या काळी सोपे नव्हते. मिशनरी रुग्णालयांतून ख्रिस्ती स्त्रिया हे काम आधीपासून करत होत्या. पण ते 'त्यांचे' काम समजले जाई. सेवासदनाने या कामाला 'सेवा' हे प्रतिष्ठेचे नाव मिळवून दिले. या नावाचा उपकार मोठा, आणि त्याची किंमतही मोठी. सेवा म्हटली की पगार, पाळीचे तास, राहण्याची सोय यांविषयी बोलणे अनुदार वाटू लागते. आजही आपल्या सरकारी रुग्णालयांतील पदनामे पाहा: परिचारिका, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. पद चढते तसतशी 'सेविका' शब्दात येते. लोकांनी मात्र आपला शब्द निवडला: 'सिस्टर'. इंग्रजी शब्दाने मराठी माणसाने नाते जोडले, हे मजेचे आहे.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1953 मध्ये पहिली नीतिसंहिता स्वीकारली. डॉक्टरांच्या आज्ञा समजून-उमजून व निष्ठेने पार पाडणे हे कर्तव्य तीत होते. 1973 च्या संहितेत शब्द बदलले: परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना परिचर्येची गरज आहे त्यांच्याशी. कान आणि निष्ठा यांची दिशा एक व्हायला इतका काळ लागला.

त्याच वर्षी, 27 नोव्हेंबर 1973 रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी बोलू शकल्या नाहीत. आरोपीवर चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा खटला झाला. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. म्हणजे ऐकण्यात पहिली कसूर तेथेच झाली. पुढची जवळजवळ 42 वर्षे केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीचे व्रण म्हणजे बेडसोअर होऊ न देणे हे परिचर्येतील कठीण काम. ते त्यांनी इतकी वर्षे करून दाखवले. महापालिकेने 1980 च्या दशकात अरुणाला तेथून हलवण्याचे योजले तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत सोडावा लागला. आमच्या दृष्टीने हा क्षण मोलाचा आहे. शुश्रूषेचा 'आज्ञा ऐकणे' हा अर्थ येथे शुश्रूषेच्याच नावाने नाकारला गेला.

पण प्रश्न सुटला नाही, अधिक खोल गेला. अरुणावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला अन्न देणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे. परिचारिकांचे म्हणणे होते की ती आमची आहे, तिला जगायचे आहे, तिच्या चेहऱ्यावरून आम्हांला कळते. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने विराणींची मागणी फेटाळली, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला, आणि त्याच वेळी काही अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट उघडली. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणा शानभाग यांचे निधन झाले. 9 मार्च 2018 च्या निकालाने, शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य झाला. चरकाच्या भाषेत सांगायचे तर ज्ञापकत्व आधीच बजावून ठेवण्याचा.

दोन्ही पक्ष अरुणाचे ऐकत असल्याचे सांगत होते, आणि अरुणा बोलत नव्हती. परिचारिकांनी तिचे ऐकले की स्वतःच्या मायेचे? विराणींनी तिचे ऐकले की स्वतःच्या करुणेचे? आम्हांला निर्णय देता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की तिच्या अंगाची कूस रोज कोणी बदलली, याचे उत्तर निश्चित आहे. आणि ज्यांनी ती बदलली त्यांच्या शब्दाला वजन देणे न्यायाचे होते. त्या वजनानेच प्रश्न मिटत नाही, हेही तितकेच खरे. ऐकण्याच्या इच्छेत आपलाच आवाज मिसळण्याचा धोका कायम असतो. साहित्याच्या वाचकाला हा धोका परिचित आहे. मुक्या संहितेच्या तोंडी आपण आपलेच शब्द घालत नाही ना, ही शंका ज्याला कधी आली नाही तो वाचक कच्चा.

त्या वर्गाकडे परत येतो. शेवटच्या तासाला आम्ही फळ्यावर 'दुखणे' हा एकच शब्द लिहिला आणि मुलींना आपापल्या गावचे शब्द विचारले. फळा भरून गेला: ठणकणे, ठसठसणे, सलणे, चुरचुरणे, भगभगणे, कळ मारणे, चमक निघणे, पोटात मुरडणे, छातीत दडपणे. केरळातून आलेली एक मुलगी सारे वहीत उतरवून घेत होती. ती म्हणाली, "पेशंट 'सलतंय' म्हणाले तर मी 'दुखतंय' लिहायची. ते वेगळं असतं का?"

वेगळे असते, असे आम्ही सांगितले. मग तिने वहीत वर मथळा घातला, 'शुश्रूषा', आणि आमच्याकडे पाहिले. शुद्धलेखन बरोबर होते.